डब्यातली कुंती

आमच्या लोणावळ्याच्या क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा मारायची बंदी होती. ही बंदी रेल्वेने घातलेली नव्हती, आईने घातलेली होती. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असायचं आणि घाटावरून येणाऱ्या वाऱ्याने दिवसभर फडफडायचं, त्यामुळे तारीख बघायची तर आधी एका हाताने ते धरून ठेवावं लागे. आरसा कोनाड्यात टेकवलेला होता, म्हणून वडील गुडघ्यांत वाकून दाढी करायचे. देवसुद्धा फळीवर नव्हते, एका पत्र्याच्या ट्रंकेवर मांडलेले होते. त्याच ट्रंकेत रजया होत्या. थंडी पडली की आई देवांची क्षमा मागून त्यांना खाली उतरवायची, रजई काढायची आणि पुन्हा देव बसवायची. कुणी शेजारीण म्हणालीच की एक फळी ठोकून घ्या ना, तर आईचं उत्तर तयार असे : "हितं काय जन्म काढायचाय व्हय आमाला?" आज ना उद्या आमच्या गावी, तळेगावजवळ इंदुरीला, स्वतःचं घर होणार, वडिलांची बदली होणार आणि आम्ही निघणार. तोवर आम्ही पाहुणे. असं पाहुणं राहून मी माझं अख्खं बालपण त्या दोन खोल्यांत काढलं.

वडिलांना मी भाऊ म्हणायची, कारण इंदुरीला सगळा गोतावळा त्यांना भाऊच म्हणायचा. भाऊ बँकर इंजिनावर होते. ज्यांनी घाटातली रेल्वे जवळून पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं : कर्जतहून गाडी घाट चढायला लागली की तिला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. लोणावळ्याला गाडी आली की बँकर सुटतो, गाडी पुण्याकडे, मद्रासकडे, कुठे कुठे निघून जाते, आणि बँकर रिकामा घाट उतरून पुढच्या गाडीला लागायला परत कर्जतला. भाऊंनी आयुष्यभर गाड्यांना घाट चढवून दिला आणि स्वतः कुठेच गेले नाहीत. ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना तापलेल्या ब्रेकचा वास यायचा. कधी दुपारी झोपायचे, कधी सकाळी. त्यांची झोप चालू असली की आई भांडीसुद्धा फडक्यावर ठेवायची. मग ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय यायचा. नाव कॉलबॉय, पण माणूस नातवंडं असलेला. तो फाटकातूनच भाऊंच्या नावाने हाळी द्यायचा, आणि भाऊ अर्धवट जेवलेल्या ताटावरून उठायचे. आमच्या घरात कुठलीच गोष्ट बैठक मारून झाल्याची मला आठवत नाही. जेवणसुद्धा नाही.

अशा घरात मी एकुलती एक वाढले, तर माझ्या पायाला भिंगरी असायला नवल कसलं? मला जायचं होतं. कुठे, हे महत्त्वाचं नव्हतं. दरवर्षी परीक्षा संपली की मी वर्गातल्या मुलींचा निरोप घ्यायची. पुढच्या वर्षी मी इथे नसेन, असं गंभीर चेहऱ्याने सांगायची. पहिल्यांदा त्यांनी मला रुमाल दिला, बोरं दिली, एकीने तर डोळेही पुसले. जूनमध्ये मी पुन्हा त्याच बाकावर. तीन-चारदा असं झाल्यावर वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मुलीच मला विचारायला लागल्या, "काय गं, या वर्षी पण जाणार का?" मला हसणं जमायचं नाही. घरी येऊन मी आईवर चिडायची की आपण एकदाचे का निघत नाही. आई म्हणायची, निघू, भिंती झाल्यात, आता वरचं छप्पर तेवढं राहिलंय.

घरात खिळा नाही, तसं अंगणात मुळाला जमीन नाही. आईची सगळी बाग डब्यांत होती. तेलाचे चौकोनी डबे, डालड्याचे डबे, भाऊंनी शेडमधून आणलेले रंगाचे डबे. त्यांत तुळस, मिरची, गवती चहा, अळू, एक कढीपत्ता. निघायची वेळ आली की उचलले डबे, ठेवले टेम्पोत, झालं. रेल्वेच्या चाळीत हे काही आमचंच वेड नव्हतं. बऱ्याच दारांत डबे असत, कारण जमिनीत लावलेलं झाड पुढच्या माणसाचं होतं, हा सगळ्यांचा अनुभव होता. पण बाकीच्यांनी एखादा कर्दळीचा कोंब, एखादा झेंडू मातीत सोडलेला असे. आईने तेवढंही सोडलं नव्हतं.

कुंती मळवलीहून आली. माझा मामा तिथे मुंबईच्या कुणा शेठच्या बंगल्याची राखण करायचा. बंगल्याच्या चारी बाजूंनी कुंतीचं कुंपण होतं, मामा ते कातरून सरळ रेषेत ठेवायचा. त्याच्या बुडाशी उगवलेलं एक वीतभर रोप त्याने एकदा ओल्या फडक्यात बांधून आणलं. म्हणाला, लय चिवट असतीय, ऊन-पाऊस काय म्हणत न्हाई, बारा महिने हिरवी, आणि फुलली की आख्ख्या आळीला कळतं. आईला ती इतकी आवडली की तिने चांगल्यातला चांगला तेलाचा डबा काढला, खिळ्याने खाली भोकं पाडली आणि तिला लावली. त्या दिवसापासून कुंतीचं ठिकाण ठरलेलं होतं : इंदुरीच्या घराचं दार, उजवी बाजू. आई धुणं धुताना तिच्याशी बोलायची. तुला दारात लावणारे, येणाऱ्याच्या नाकात आधी तुझा वास गेला पायजे, असं काहीबाही. आमचं घर कसं असेल हे मी आईच्या तोंडून कधी नीट ऐकलं नाही. किती खोल्या, स्वयंपाकघर कुठे, हे तिला विचारलं की ती भाऊंकडे बोट दाखवायची. तिला घराचं फक्त दार दिसत होतं आणि दारातली कुंती.

लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे घरात राहणारा चौथा माणूस. कपडे वाळायचे नाहीत. आई शेगडीवर वेताची मोठी टोपली पालथी घालून तिच्यावर माझा गणवेश पसरायची, आणि वर्गात आम्हा सगळ्या मुलींच्या कपड्यांना कोळशाच्या धुराचा वास यायचा. हुलग्याच्या शेंगोळ्या त्या दिवसांत आठवड्यातून कितीदा तरी व्हायच्या. बाहेर धुकं, आत त्या लसणाच्या फोडणीचा ठसका, आणि पातेल्यातून वाफ वर येताना आई दारातून डब्यांकडे बघत असायची. कारण डब्यांचं पावसाळ्यात फार नाजूक काम असे. मिरची कुजायची, तुळस काळी पडायची. आई त्यांना आज वळचणीला, उद्या पायरीवर, परवा खिडकीत, अशी उजेडाच्या मागे फिरवत राहायची. डबे उचलायचं काम माझ्याकडे होतं, ते मी कुरकुरत करायची. कुंतीला मात्र काही होत नसे. ती धुण्याच्या दगडाशेजारी उघड्यावर होती, साबणाचं पाणी पीत होती, चहूकडून धारा कोसळल्या तरी तिची बारीक चकचकीत पानं तशीच. उंचीला कमरेएवढी झाली आणि तिथेच थांबली, पण घट्ट, गोल, भरलेली. तिची काळजी नव्हती म्हणून तिला कुणी हलवलं नाही. घरात तक्रार न करणाऱ्या माणसाकडे जसं कुणी बघत नाही, तसंच तिचं झालं. आणि एवढी धडधाकट असून ती फुलत मात्र नव्हती. मामाने एकदा येऊन बघितली आणि म्हणाला, डब्यात कोंडलीय, जमीन मिळाली की फुलंल. आई म्हणाली, मिळणारच हाये.

इंदुरीचं घर शेवटी झालं. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, भाऊंच्या वाटणीच्या तुकड्यात. भाऊंची बदलीही ठरली, पुण्याच्या यार्डात शंटिंगच्या इंजिनावर. इंदुरीहून तळेगावपर्यंत सायकल आणि पुढे लोकल. मे महिन्यात आम्ही घर बघायला गेलो तेव्हा आईने खोल्या घाईघाईने पाहिल्या, पण दाराच्या उजव्या बाजूला खड्डा मात्र स्वतः उभं राहून खणून घेतला. पुरुषाच्या मांडीएवढा खोल. त्यात शेणखत घातलं, वर पाला टाकला आणि मुरायला ठेवला. भाऊ म्हणाले, झाड लावायचंय का विहीर काढायचीय?

आणि परत लोणावळ्याला आलो तर कुंती फुललेली. दोन दिवसांपूर्वी वळवाची सर येऊन गेली होती. फाटक उघडतानाच वास आला, लिंबाच्या फुलासारखा पण त्याहून गोड, जड. आई पिशवी हातात घेऊनच मागच्या अंगणात गेली. आख्खं झुडूप पांढरं झालं होतं, पान दिसत नव्हतं. आई रडली. इतकी वर्षं मी तिला चिडलेली पाहिली, थकलेली पाहिली, पण आनंदाने रडलेली तेवढीच. ती म्हणाली, हिला कळलं घर झालेलं. भाऊ म्हणाले, आपण तर अजून ऑफिसातसुद्धा सांगितलं न्हाई, हिला कुणी सांगितलं? पण तेही हसत होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाकळ्या धुण्याच्या दगडावर गळून पडल्या आणि आईने त्यांच्यावर धुणं आपटलं नाही, कडेला बसून बादलीत धुतलं. चाळीतल्या बायकांना तिने सांगून टाकलं की हा शकुन आहे. मला तर तो माझ्या सुटकेचाच शकुन वाटला. मी माझी ट्रंक त्याच संध्याकाळी भरायला घेतली. आम्ही दोघींनी त्या फुलण्याचा अर्थ अगदी उलटा लावला होता, पण ते कळायला टेम्पो दारात यावा लागला.

निघायच्या दिवशी सकाळी आमचा टेम्पो आला आणि पाठोपाठ क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या माणसांचाही आला. भुसावळकडचे चौधरी. नवराबायको आणि दोन मुली. त्यांच्या टेम्पोत मागे, गाद्यांच्या वळकट्यांशेजारी, डबेच डबे. तुळस, मिरची, गवती चहा. ते बघून मला हसू आलं. आमचं सामान चढलं. खिळेच नसल्यामुळे घर अर्ध्या तासात रिकामं झालं आणि भिंती आम्ही तिथे कधी राहिलोच नव्हतो इतक्या कोऱ्या दिसायला लागल्या. मग डबे. मी एकेक उचलून देत होते. शेवटी कुंती. ती जड म्हणून भाऊ स्वतः आले. कडीत हात घातला आणि ओढली. हलली नाही. टेम्पोवाला आला, दोघांनी मिळून जोर लावला. कडी उपटून हातात आली, डबा जागच्या जागी.

भाऊंनी बसून डब्याच्या बुडाजवळची माती खरवडली. खाली पत्रा नव्हताच. लोणावळ्याच्या पावसाने तो कधीच खाऊन टाकला होता, आणि जिथे पत्रा असायला हवा तिथून अंगठ्याहून जाड मुळं निघून एक धुण्याच्या दगडाखाली, एक गटाराच्या कडेने, अशी चालती झाली होती.

"हिनं तर परस्पर घर केलं की गं," ते म्हणाले.

मग ते उठून टेम्पोतून पहार आणि कुऱ्हाड घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं की मामा म्हणतो तशी ही चिवट जात, मूळ तोडलं तरी परत फुटेल, नाहीच फुटली तर दुसरी आणू. टेम्पोवाला घाई करत होता. चौधरींच्या मुली आमच्या पायरीवर, म्हणजे आता त्यांच्या पायरीवर, बसून बघत होत्या. मला कुंतीचं काही वाटत नव्हतं, मला फक्त निघायचं होतं. तोडा एकदाचं, असं मी म्हणालेही. आई दगडाजवळ उभी होती. झुडपावर परत बारीक कळ्या धरल्या होत्या, त्यांच्याकडे ती बघत होती. माझ्या आता लक्षात येतं की त्या क्षणी तिला मेमधल्या त्या फुलण्याचा खरा अर्थ कळला असावा. आम्ही निघणार म्हणून ती फुललेली नव्हती. तिला जमीन मिळाली होती, आमच्या नकळत, आणि म्हणून ती फुलली होती.

"तोडू नका," आई म्हणाली.

"अगं, खड्डा काढून ठेवलाय तितं. खत घातलंय."

"असू द्या. तिची बदली न्हाई व्हायची."

भाऊंनी कुऱ्हाड खाली ठेवली. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, चौधरी वहिनींकडे गेली आणि नळाला पाणी कधी येतं, मोरी कुठे तुंबते हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, "धुण्याचं पाणी हिला घालत जावा. आन तुमचं डबं मधनंमधनं उचलून बघत जावा, बाई." वहिनींनी विचारलं, ते कशाला? तोवर आई वळली होती. ती टेम्पोत पुढे जाऊन बसली. मी मागे डब्यांमध्ये बसले होते, मधल्या जाळीतून तिचा अंबाडा तेवढा दिसत होता. कुसगाव मागे पडलं, मळवलीचा फाटा गेला, कामशेत आलं, पण तिने एकदाही मान वळवली नाही. मला तिचा राग आला होता. ज्या दिवसाची मी जन्मभर वाट पाहिली तो दिवस हिने एका झुडपापायी नासवला, असं मला वाटत होतं.

इंदुरीच्या घरात आल्यावर आईने पहिलं काय केलं असेल? कॅलेंडर सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलं. देव ट्रंकेवर मांडले. भाऊंनी खिळे आणि हातोडी काढली तर म्हणाली, भिंत वली हाये अजून, राहू द्या. पावसाळा सरला, भिंत वाळली, तरी ती वलीच. दारातला खड्डा पावसाने भरला आणि त्यात बेडूक बोलायला लागले. पपई लावू, जाई लावू, असं भाऊ सुचवायचे. आई म्हणायची, बघू. एक पाहुणे त्या खड्ड्यात पाय जाऊन पडले, तेव्हा भाऊ खड्डा बुजवायला निघाले, तर तिने घमेलं हातातून काढून घेतलं. स्वतःच्या घरात ती हातपाय आखडून वावरायची, परक्याच्या घरी बसावं तशी खुर्चीच्या कडेवर बसायची. आणि मी? मी नव्या शाळेत दर दोन वाक्यांनी "आमच्या लोणावळ्याला" म्हणत होते. इंजिनाच्या शिट्ट्या नाहीत, कॉलबॉयची हाळी नाही, नदीचा नुसता एकसुरी आवाज. मला वाचायला बसवायचं नाही. मी घर ते गावातल्या जुन्या किल्ल्याची तटबंदी अशा उगाच चकरा मारायची. ज्याची वाट बघत जगायचं ते मिळालं होतं, आणि पुढे काय करायचं हे आम्हा दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात लोणावळ्याला चाळीतलं एक लग्न निघालं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि आई सहज बोलल्यासारखी म्हणाली, जाता जाता घराकडं बघून येऊ. ती त्या क्वार्टरला 'घर' म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. कुंती माझ्या डोक्याएवढी झाली होती. डब्याचा पत्रा उभा फाटून दोन्हीकडे लोंबत होता आणि फांद्यांवर लाल फळं धरली होती. चौधरी वहिनींनी चहा केला. आई धुण्याच्या दगडावर बसून तो प्यायली, इंदुरीत कधी बसत नसे तशी, पाय पसरून. वहिनी सांगत होत्या की बुलबुल फळं खातात आणि खाली सारखी रोपं उगवतात, उपटून उपटून कंटाळा येतो. त्यांनी वाकून एक रोप काढलं, वीतभराचं, आणि डबा शोधायला आत निघाल्या.

"डबा नको," आई म्हणाली. "फडक्यात बांधून द्या."

लोकलमध्ये ते ओलं फडकं तिने मांडीवर धरलं होतं, लुगड्याला डाग पडला तरी खाली ठेवलं नाही. घरी आल्या आल्या, लग्नातलं लुगडंही न बदलता, ती खड्ड्याशी बसली. खड्डा केवढा आणि रोप केवढं. भाऊ म्हणाले, हिला आत शिडी लावून द्यावी लागंल. मी माती लोटली, आईने हाताने दाबली, तांब्याभर पाणी घातलं. मग मातीच्या हातांनीच आत गेली आणि भाऊंना म्हणाली, "खिळा हाये का एखादा?" भाऊंनी डबी पुढे केली. तिने मला मारू दिलं नाही, त्यांनाही नाही. दोनदा हातोडी बोटावर बसली, पण खिळा तिनेच मारला, गजाची सुतळी सोडली आणि कॅलेंडर भिंतीला लावलं. ते फडफडेना. आम्ही तिघंही उगाच त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

आई त्यानंतर इंदुरी सोडून कुठे राहायला गेली नाही, माझ्या बाळंतपणालासुद्धा तिने मलाच तिथे बोलावलं. माझी भिंगरी मात्र सुटली नाही. लग्न झालं ते फिरतीच्या नोकरीतल्या माणसाशी. गावं बदलली, घरं बदलली, माझी झाडं कुंड्यांत राहिली. आता तळेगावात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, आणि गॅलरीत इंदुरीच्या कुंतीपासून केलेली कुंती आहे. खाली फरशी आहे, तिच्याखाली सिमेंट, त्याच्याखाली दुसऱ्याचं घर. मूळ जाणार कुठे? तरी मी मधूनमधून कुंडी वाकवून, थोडी उचलून बघते. नवरा हसतो. परवाही उचलली. अलगद उचलली गेली. मी ती पुन्हा जागेवर ठेवली आणि कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले, कारण हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे माझं मलाच सांगता येईना.